चार मिलिमीटरचा गंधार

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात शिरले आणि तळमजल्यावर छातीइतके चढले. आठवड्याने परत आलो तेव्हा चिखलात दोन वस्तू शेजारी शेजारी पडलेल्या सापडल्या. एक माझ्या मुलीची गिटार आणि दुसरी आजोबांच्या वेळची माजघराच्या दाराची झडप. गिटारचा सरस सुटून तिच्या फळ्या वहीच्या पानांसारख्या उलगडल्या होत्या. झडप फुगली होती, पण तिचे काही बिघडले नव्हते. साग तो साग.

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. लेक तेव्हा सोळा वर्षांची होती. ती रडली नाही. मोडक्या गिटारच्या पोटातल्या बारीक पट्ट्या निरखत तिने विचारले, "बाबा, ह्याच्यात आवाज कुठं असतो?" तीस वर्षे ध्वनी आणि चुंबकत्व फळ्यावर शिकवूनही मला तिला धड उत्तर देता आले नाही. त्या दाराच्या फळ्यांतून आम्ही दोघांनी घरीच एक इलेक्ट्रिक गिटार बनवली. हा लेख त्या खटाटोपातून मिळालेल्या उत्तराविषयी आहे.

पोकळ आणि भरीव

तार एकटी छेडली तर जवळजवळ ऐकूच येत नाही. ती इतकी बारीक असते की हवेला फारसे ढकलू शकत नाही. म्हणून सतार-तंबोऱ्याला भोपळा लागतो आणि साध्या गिटारला पातळ फळीची पेटी लागते. तारेचे कंपन घोडीवाटे त्या फळीत उतरते आणि फळी आपल्या मोठ्या पृष्ठभागाने हवा हलवते. मात्र फळीला शक्ती दिली की तारेची शक्ती तेवढी लवकर संपते. आवाज मोठा हवा असेल तर तो लांबत नाही, आणि लांबवायचा असेल तर तो मोठा होत नाही.

इलेक्ट्रिक गिटारने ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. कंपन हवेतून न घेता थेट तारेपासूनच विजेच्या रूपात उचलायचे, मग पेटीची गरज उरत नाही. अमेरिकेत १९३१ च्या सुमारास जॉर्ज बीचम याने या तत्त्वावर एक हवाईयन गिटार घडवली. गोल अंग आणि लांब दांडी यांमुळे तिला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, असे नाव पडले. १९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकाने चार इंच जाडीच्या पाइनच्या ठोकळ्यावर तारा ताणल्या आणि दोन्ही बाजूंना साध्या गिटारचे कापलेले अर्धे भाग केवळ दिसण्यापुरते जोडले. १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने भरीव अंगाची गिटार कारखान्यात बनवून बाजारात आणली. फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. दांडी अंगाला चार स्क्रूंनी जोडायची, म्हणजे बिघडली की बदलता येते, हा त्याचा विचार कारागिराचा नव्हता, दुरुस्तीवाल्याचा होता. आमच्यासारख्या हौशी माणसांना घरी गिटार करता येते ती या चार स्क्रूंमुळेच.

घरी केलेल्या गिटारचे सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ब्रायन मे याचे आहे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये लंडनजवळ या सोळा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या वडिलांनी, हॅरॉल्ड मे यांनी, गिटार करायला घेतली, कारण विकतची परवडत नव्हती. दांडी जुन्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीतून कोरली. लाकडाला कीड लागली होती, ती भोके आगकाड्यांनी बुजवली. तारांचा ताण सैल-घट्ट करणाऱ्या दांड्याच्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या होत्या, त्याचे टोक विणकामाच्या सुईचे होते आणि पडद्यांवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या होत्या. सुमारे दोन वर्षांत तयार झालेली ती 'रेड स्पेशल' पुढे क्वीन या वाद्यवृंदात जगभर वाजली. तिच्या साथीने गाणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, शाळा शिकला तो आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीला. तिथेच त्याने आपला पहिला वाद्यवृंद काढला होता. ही हकिगत कळल्यावर आमच्या घरात वाद संपला. सोळा वर्षांचे मूल आणि त्याचा बाप हे करू शकतात, याला पुरावा होता.

लाकूड

भिजलेले लाकूड लगेच कापले तर नंतर वाकते किंवा चिरते. झडपेच्या फळ्या सुट्या करून जिन्याखाली, मधे पट्ट्या घालून, रचून ठेवल्या आणि दर महिन्याला एक फळी वजनकाट्यावर ठेवत गेलो. वजन उतरायचे थांबेपर्यंत दीड वर्ष गेले. तोवर लेक बारावीला पोचली होती आणि टाळेबंदीत घरीच होती, म्हणून काम सुरू झाले.

साग टिकाऊ आहे तो त्याच्या तेलामुळे, आणि तेच तेल चिकटवायला आडवे येते. पावणेदोन इंची दोन फळ्या कडेला कड जोडून आम्ही अंग केले, पण पहिला जोड दुसऱ्या आठवड्यात उघडला. मग रंधा मारल्या मारल्या, तेल पुन्हा वर यायच्या आत, कडा अ‍ॅसिटोनने पुसून चिकटवल्या आणि शिकंज्यात दिवसभर आवळून ठेवल्या. तो जोड आजपर्यंत टिकला आहे. सागात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार भराभर जाते. एका फळीत आजोबांच्या सुताराने ठोकलेला खिळा डोके मोडून आत राहिला होता, त्याने आमचे एक पाते खाल्ले. खिळ्याचे भोक तसेच ठेवले आहे.

दांडीचे काम जास्त जोखमीचे. सहा पोलादी तारा सुरात आणल्या की दांडीवर एकूण पंचेचाळीस ते पन्नास किलोंचा ताण येतो. नुसते लाकूड हळूहळू धनुष्यासारखे पुढे वाकते. म्हणून दांडीच्या पोटात खोबण पाडून एक पोलादी सळई बसवतात. तिचा नट आवळला की ती दांडीला मागे ओढते. गिब्सन कारखान्यात ही युक्ती १९२० च्या दशकापासून वापरात आहे. आम्ही साग, शिसव, साग अशा तीन पट्ट्या उभ्या चिकटवून दांडी केली आणि वर बोटांखालची सहा मिलिमीटरची पट्टी शिसवीची घेतली. जगातल्या कितीतरी नामांकित गिटारींवर ही पट्टी भारतीय शिसवीचीच असते.

लाकडाचा आवाजावर किती परिणाम होतो यावर गिटारवाल्यांत कायम भांडणे चालतात. आमच्या एका गिटारवरून त्यात निवाडा करता येणार नाही. वजनावर होणारा परिणाम मात्र खात्रीने सांगतो. आमची गिटार चार किलोंच्या वर भरते आणि तासभर उभे राहून वाजवले की लेकीचा खांदा दुखतो.

पडदे

खरी परीक्षा पडद्यांची. गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकून बसवलेल्या असतात, इंग्रजीत त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीचे पडदे तातीने बांधलेले असल्याने ते सरकवता येतात. गिटारचे एकदा ठोकले की ठोकले.

ते कुठे ठोकायचे याचे गणित सुंदर आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे. तारेची लांबी निम्मी केली की वरचा षड्ज मिळतो. म्हणून प्रत्येक पडद्याला लांबी अशा एका संख्येने भागायची की बारा वेळा भागल्यावर ती बरोबर निम्मी व्हावी. ही संख्या म्हणजे दोनचे बारावे मूळ, सुमारे १.०५९४६. आमच्या तारेची लांबी, म्हणजे दांडीच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून घोडीपर्यंतचे अंतर, ६४८ मिलिमीटर होती. पहिला पडदा ३६.३७ मिलिमीटरवर, सातवा २१५.५१ वर आणि बारावा ३२४ वर येतो.

गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ मधल्या ग्रंथात ल्यूट या वाद्यासाठी सोपा नियम सांगितला होता: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घ्या आणि पुढचा पडदा बसवा. या नियमाने आमच्या तारेवर बारावा पडदा मध्यापासून सुमारे २.४ मिलिमीटर अलीकडे पडला असता. पण पडद्यावर दाबताना तार थोडी ताणली जाऊन सूर चढतो, त्यामुळे ही चूक काही अंशी झाकली जाते. कारागिरांनी तो नियम शतकानुशतके वापरला तो उगाच नव्हे.

गणित वहीत बरोबर होते, चूक माझ्या हाताने केली. प्रत्येक पडद्याची खूण मी आधीच्या पडद्यापासून मोजली. पेन्सिलीच्या रेघेची जाडी, करवतीच्या पात्याची जाडी, असे प्रत्येक वेळी पाव-अर्धा मिलिमीटर एकाच दिशेने वाढत गेले. बाराव्या पडद्याला पोचेपर्यंत साडेतीन मिलिमीटरची चूक झाली होती. पडदे ठोकून, घासून, तारा चढवून लेकीने वरचा षड्ज दाबला आणि ती माझ्याकडे बघत राहिली. विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो की मोजमापातली चूक साठत जाते, म्हणून सगळी मापे एकाच आरंभबिंदूपासून घ्यावीत. ते वाक्य तिने मला ऐकवले. शिसवीची पट्टी गरम इस्त्रीने सैल करून उखडली आणि फेकून दिली. दुसऱ्या पट्टीवर सगळ्या खुणा तिने स्वतः घेतल्या, दांडीच्या टोकापासून.

मिरजेची फेरी

पडद्यांची कोर घासायची कशी हे विचारायला आम्ही मिरजेला गेलो. सांगलीहून अर्ध्या तासाच्या वाटेवर हे तंतुवाद्यांचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणि तुणाचे लाकूड यांतून इथे सतारी-तंबोरे होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

ज्यांच्याकडे गेलो त्या वयस्कर कारागिरांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी आमची दांडी डोळ्यापुढे आडवी धरली, एक डोळा मिटला आणि सांगितले, "सर, पाचवा पडदा वर आहे." पट्टी लावून पाहिली तर तो खरोखरच कागदाच्या जाडीइतका वर होता. एक पडदा उंच राहिला की आधीच्या पडद्यावर दाबलेली तार त्याला घासते आणि खरखरते. गिटारमध्ये ती खरखर म्हणजे दोष. शेजारीच चाचांचा मुलगा तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढत बसला होता. तार घोडीच्या किंचित गोलाईला चाटून जावी आणि तिच्यातून झंकार उठावा, म्हणून दिवसभर कानस आणि कान लावून करायचे ते काम. एका वाद्यात जी खरखर कानशीने काढून टाकायची, तीच दुसऱ्यात कानशीने आणायची. एवढे एकच दुकान पाहिले तरी 'चांगला आवाज' ही गोष्ट लाकडात नसून परंपरेच्या कानात असते, हे पटते.

पण चाचांचा मुख्य आक्षेप वेगळाच होता. त्यांनी तंबोरा लावला, लेकीला तार षड्जात मिळवायला सांगितली आणि चौथ्या पडद्यावर बोट ठेवायला लावले. शुद्ध गंधार. त्यांनी मान हलवली. "हा गंधार चढा आहे, बेटा."

चाचांचे बरोबर होते. षड्जाशी पूर्ण जुळणारा गंधार तारेचा पाचवा भाग सोडून मिळतो. आमच्या तारेवर तो १२९.६ मिलिमीटरवर यायला हवा. बारा समान भागांच्या हिशोबाने तो पडतो १३३.७ वर. चार मिलिमीटरचा फरक. पंचमात हाच फरक अर्धा मिलिमीटर आहे, तो कानाला कळतही नाही. गंधारात मात्र कळतो. समान भागांची ही तडजोड केल्यामुळे कोणत्याही सुरापासून गाणे सुरू करता येते आणि पाश्चात्त्य संगीतातले सुरांचे गुच्छ सगळ्या पट्ट्यांत सारखे वाजतात. त्याची किंमत म्हणून एकही पट्टी पूर्ण सुरेल राहत नाही.

हा वाद आमच्या गावाला नवा नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. तारेच्या लांब्या मोजून त्यांनी श्रुतींची गुणोत्तरे मांडली. अब्दुल करीम खाँ यांची त्यांना साथ होती. अर्नेस्ट क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या मदतीने खास श्रुतींची हार्मोनियमही बनवून घेण्यात आली. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांच्या वर टिकली. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, त्यांतून आपल्या श्रुती आणि मींड निघत नाही, हा त्यामागचा एक मोठा आक्षेप होता. माझ्या हातातल्या शिसवीच्या पट्टीवर तोच वाद चार मिलिमीटरच्या रूपात उभा होता.

वेटोळे

आता लेकीच्या प्रश्नाचे उत्तर. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी असतात. याला पिकअप म्हणतात. चुंबकामुळे वरची पोलादी तारही थोडी चुंबक होते. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होते आणि फॅरडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे वेटोळ्यात वीज निर्माण होते. तार सेकंदाला ३३० वेळा हलली तर वीजही ३३० वेळा उलटसुलट होते. अँप्लिफायर तिला मोठे करतो आणि स्पीकर पुन्हा हवा हलवतो.

यासाठीची तार ०.०६३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाइतकी असते. शिवणयंत्राच्या मोटरवर रीळ बसवले. वेढे मोजायला साधा कॅल्क्युलेटर घेतला. चक्रीवर छोटे चुंबक आणि शेजारी चुंबकाने चालणारा स्विच बसवून तो 'बरोबर'च्या बटणाला जोडला. एक अधिक एक केले की पुढे प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. पहिले वेटोळे २,९०० वेढ्यांवर तुटले. दुसरे ७,६०० पर्यंत गेले आणि मीटरने सुमारे सहा किलोओहम दाखवले. वेढे सैल राहिले तर मोठ्या आवाजात स्वतःच थरथरून किंचाळतात, म्हणून वेटोळे गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यातल्या मेणात बुडवले. मेण थेट आचेवर कधी ठेवू नये, ते पेट घेते.

ब्रायन मेनेही आधी पिकअप घरीच केले होते, पण तार बोटाने बाजूला ओढली की त्यांतून विचित्र आवाज येई. शेवटी त्याने विकतचे बसवले. सगळेच घरी झाले पाहिजे असा हट्ट त्यानेही धरला नाही.

हे वेटोळे घेऊन आम्ही पुन्हा मिरजेला गेलो आणि अँप्लिफायरला जोडून सतारीच्या तारांवर धरले. पोलादी बाजाची तार स्पीकरमधून खणखणीत बोलली. शेजारची पितळी तार तितक्याच जोरात छेडली, ती हलताना दिसत होती, पण स्पीकर मुका. पितळ चुंबकाला ओळखत नाही. चाचा हसले आणि त्यांनी ती तार पुन्हा पुन्हा छेडून पाहिली. "म्हणजे ह्याला कान नाही, लोखंडाचा वास येतो फक्त!"

एक इशारा इथे द्यायलाच हवा. पिकअप खोलीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुणही उचलतो. ती कमी करण्यासाठी आतल्या खोबणीला तांब्याचा पत्रा लावून तो आणि सगळ्या तारा अर्थिंगला जोडतात. म्हणजे वादकाची बोटे अँप्लिफायरच्या सांगाड्याला विजेने जोडलेली असतात. पुरानंतर आमच्या घराचे वायरिंग घाईत केले होते आणि त्या खोलीच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हते. पहिल्याच दिवशी लेकीच्या बोटांना झिणझिण्या आल्या. मी गुणगुण शोधत होतो आणि तिथे जीव जाऊ शकला असता. त्या संध्याकाळी मेन स्विच बंद केला आणि वायरमन येऊन नवे अर्थिंग घालेपर्यंत गिटारला हात लावू दिला नाही. घरी असे काही करणाऱ्याने लाकूड विकत घेण्याआधी सॉकेट तपासावे.

तार सरकव

गिटार तयार झाली त्या वर्षी दिवाळीत चाचा फराळाला आले. लेकीने यमन वाजवून पाहिला आणि गंधारावर थांबून म्हणाली, "चाचा, हा चढाच राहणार. पडदा तर सरकत नाही."

"पडदा सरकत नाही, तर तार सरकव," चाचा म्हणाले. त्यांनी तिचे बोट चौथ्या पडद्यावरून तिसऱ्यावर आणले. तिथे कोमल गंधार आहे. तिथे दाबून तार बाजूला ओढली की ताण वाढून सूर चढत जातो. तिने ओढत नेली. चौथ्या पडद्याचा सूर यायच्या थोडे अलीकडे एक जागा आली, जिथे तंबोऱ्याशी सूर मिळाला आणि दोन आवाजांमधली थरथर थांबली. पाचवा भाग सोडून येणारा तोच गंधार.

जो गंधार वहीत मी दशांश चिन्हापुढे मांडला होता, तो तिला बोटाने सापडला. आता ती पुण्यात अभियांत्रिकी शिकते आणि गिटार वसतिगृहात तिच्याबरोबर आहे. मागच्या पावसाळ्यात नदीची पातळी वाढू लागली तेव्हा तिचा फोन आला. घरातल्या सगळ्यांची चौकशी झाल्यावर तिने विचारले, "बाबा, माजघराच्या दाराची दुसरी झडप वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलीत ना?"

नेऊन ठेवली होती.